बाटल्यांचं तळघर

डेल्बर्ट ग्रिंडस्टाफने परसातल्या तळघराला कुलूप लावलं, ही बातमी गावभर व्हायला एक दुपार पुरली. ओक्लाहोमात चक्रीवादळ आलं की जवळ असेल त्या तळघरात शिरायचं, मालकाला विचारत बसायचं नाही. म्हणून तळघराला कुलूप कुणी लावतच नाही. पण डेल्बर्टचा जीव दुधाच्या बाटल्यांत अडकला होता.

उभा जन्म त्याने दुधाची गाडी चालवली. वाटेत एकेक डेअरी बंद पडत गेली, आणि तिचं नाव असलेली काचेची बाटली तो घरी आणत गेला. विमा उतरवायला गेला, तर कंपनीची अट एकच: बाटल्या जमिनीखाली, कुलूपबंद असतील तरच भरपाई. मग काय, गड्याने तळघर फळ्यांनी छतापर्यंत भरून टाकलं. माणसांसाठी उरली दोघांपुरती जागा, तीही पोट आत ओढून.

"बाटल्यांना पलंग आणि बायकोला पायरी!" लॅव्होन म्हणाली.

शेजारचा रॉइस कुंपणावरून रोज डिवचायचा. "काय रे, सायरन वाजला की किल्लीसाठी अर्ज करायचा का तुझ्याकडे?"

"तू खण की तुझं!"

"आमची बाजू सखल, दोन हात खणलं की पाणी लागतं, ठाऊक आहे तुला. आईला घेऊन काय त्यात पोहू?"

डेल्बर्ट तरीही कुलूप काढायचा नाही. हट्टी माणसाला बरोबर बोललेलं जास्त झोंबतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आभाळ हिरवट पडलं आणि सायरन वाजला. डेल्बर्टने कुलूप काढलं, लॅव्होन खाली उतरली, आणि रॉइस कुंपण ओलांडून धावत आला. त्याच्या हातांवर त्याची म्हातारी आई, ओपलमावशी होती. तिला उभं राहता येत नव्हतं. ती बसणार तर फळ्यांच्या जागीच.

"लॅव्होन, वर दे!" डेल्बर्ट ओरडला.

"काय देऊ?"

"सगळं! बाटल्या, फळ्या, सगळं!"

ती देत गेली, तो गवतावर भिरकावत गेला. काचा फुटू लागल्या तसा रॉइसच कळवळला. "अरे, जरा हळू!"

"हळू काय हळू! मावशीला आत घे आधी!"

दार ओढून घेतलं आणि वर गडगडाट सुरू झाला, मालगाडी छपरावरून जावी तसा. अंधारात मावशीने डेल्बर्टचा हात चाचपून धरला.

"माझ्यापायी केवढा पसारा काढलास रे."

"पसाराच होता तो, मावशी," डेल्बर्ट म्हणाला.

बाहेर आले तेव्हा डेल्बर्टचं घर उभं होतं. रॉइसच्या घराची मागची भिंत गेली होती, आणि मावशीचा पलंग शेताच्या तारेत अडकला होता. डेल्बर्ट त्या पलंगाकडे बघत राहिला. मग काचांनी भरलेल्या गवतात मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. "देवा, तुझे फार उपकार झाले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीची एक तरुण मुलगी पाहणीला आली. मनाने चांगली होती. गवतातल्या काचा बघून ती हळहळली.

"काका, बाटल्या तळघरातच होत्या ना? दार उघडलं असेल, वाऱ्याने ओढून नेल्या असतील. होतं असं."

लॅव्होन खाली बघू लागली. नुसतं "हो" म्हटलं की काम झालं होतं.

"नाही गं पोरी," डेल्बर्ट म्हणाला. "वादळाच्या तोंडावर मीच बाहेर काढल्या."

मुलीचं पेन थांबलं. "मग काहीच मिळणार नाही, काका. कशाला काढल्यात?"

डेल्बर्टने ओसरीकडे बोट दाखवलं. तिथे ओपलमावशी ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी चमच्याने खात बसली होती, हनुवटीवर ताक सांडून घेत.

"तिला बसायला जागा नव्हती," तो म्हणाला.