गेरूचा पट्टा

शाळेतून घरी आले, तर भिंतींच्या तळाशी हातभर उंचीचा गेरू पुन्हा चढलेला. अजून ओला होता. कामाला येणारी केवळाबाई बादलीत कुंचा बुडवत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

"कोणी सांगितलं?"

"आत्याबायनं, वैनी. तुमी सफेदी म्हणता, त्या गेरू म्हणत्यात. मला काय, हात लाल न्हाई तर पांढरे."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसल्या होत्या. बन्सी रांगत पट्ट्यापाशी पोचला होता आणि त्याचे दोन्ही तळवे लाल झाले होते. मी त्याला उचललं.

"भुईपासून पांढऱ्या भिंती कोणाच्या असत्यात, सूनबाई? पाहुणे विचारतील, या घरात कोण गेलं म्हणून."

मी बन्सीला घेऊन आत गेले. उत्तर दिलं असतं तर तोंडून भलतंच निघालं असतं.

पूर्णा गावातल्या या घरात चैत्रापासून सात विंचू निघाले. सगळे लाल, गेरूच्याच रंगाचे. बन्सी रांगायला लागला त्या आठवड्यात मी रंगीत सतरंजी गुंडाळून शिंदीच्या चटया टाकल्या, फुलाफुलांचे पडदे काढून कोरं मांजरपाट लावलं आणि भिंतींना भुईपर्यंत चुना दिला. हे स्टेशनात पार्सल क्लार्क. तिथं सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्याकडं हैदराबादच्या कॉलेजची फॅशन आलीय, घराचा दवाखाना झालाय." विंचू दिसावा म्हणून केलंय, हे मी यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "आई आहे ना घरात. तिची नजर तुझ्यापेक्षा तेज आहे."

ती नजरच तर मी शिमग्यापासून बघत होते. आत्याबाई तांदूळ बोटांनी निवडत आणि भातात खडे येत. दाराची कडी आधी चाचपत, मग काढत. कुणाला कळू देत नव्हत्या. आणि सकाळचे चार तास मी मुलींच्या शाळेत शिकवायला असायची, तेव्हा बन्सी त्यांच्यापाशी.

तीनच्या गाडीचा माल उतरवून हे घरी आले. पट्टा पाहून हसले. "राहू दे की आईचा मान. एवढ्याशा रंगानं काय होतंय?"

दुपारीच मी रांजणाखाली एक विंचू ठेचला होता, तो अजून टाकला नव्हता. चिमट्यात धरून आणला आणि बाजेसमोर पट्ट्यातल्या भेगेत खोचला. हे दचकून पुढं आले. मी हातानंच थांबवलं.

"आत्याबाई, समोर भिंतीवर काय आहे?"

"काय असायलंय? माझा गेरू हाय. कसा शोभायलाय बघ."

यांनी एकदा आत्याबाईंकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं.

"दिनकर, काय रे? गप का झालास?" त्यांनी हात लांबवला, बोटं भेगेकडं गेली. मेलेला होता, तरी मी मनगट घट्ट धरलं.

"विंचू आहे. मेलेला आहे."

त्यांनी हात सोडवून घेतला, पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "कवापासून ठाऊक हाय तुला?"

"शिमग्यापासून."

"अन् तरी लेकरू माझ्यापाशी टाकून जायलीस? भिंती रंगवल्यास, पण तोंड उघडलं न्हाईस?"

इतका वेळ रागानं माझे कान तापले होते. मायलेकांवरचा राग होता. आता तो कुठं ठेवावा कळेना. बन्सीचे तळवे मी पदरानं पुसत राहिले, लाल निघेना.

"मला आधी का नाही सांगितलंस?" हे म्हणाले.

मी उरलेल्या चुन्याची बादली यांच्या पायाशी आदळली. चार शिंतोडे यांच्या धोतरावर उडाले. "विंचवांचं तीनदा सांगितलं. धरा कुंचा."

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "पांढऱ्यावर बी मला दिसंल का न्हाई, ते आधी बघ. मग भिंती रंगवा."

मी विंचू पट्ट्यातून काढला आणि दूर, वरच्या पांढऱ्या भिंतीच्या भेगेत खोचला. कुठं खोचला ते सांगितलं नाही. आत्याबाई बाजेवरून उठल्या, भिंतीच्या कडेनं चालत आल्या. एकदा पुढं गेल्या. परत मागं आल्या. मग बोट उचललं, ते विंचवापासून चार बोटांवर.

"इथं कायतरी हाय. डागासारखं."

"विंचूच आहे, आत्याबाई."

"डाग अन् विंचू मला एकच दिसायलंय." त्यांनी बोट खाली घेतलं. "दिनकर, रंगव खालपासून. अन् सूनबाई, तू शाळेत येत न्हाई म्हणून निरोप धाड. उद्यापासून लेकरू माझ्यापाशी ठेवायचं न्हाई."

हे खाली बसले आणि पट्ट्यावर चुना ओढू लागले. पहिल्या हातात गेरू झाकला जाईना, भिंत गुलाबी दिसायला लागली. "दुसरा हात द्या," मी म्हटलं, आणि निरोपाची चिठ्ठी लिहायला बसले.