पंखा बंद ठेवा

“पंखा बंद करा म्हणते ना मी! आणि ती खिडकीपण लावा.”

मांजलपूरच्या लग्नाच्या हॉलवरची ती खोली वधूपक्षाला दिलेली. दुर्गाबाईंनी तिथून आधी पाहुण्या बायका बाहेर काढल्या, मग फुलांच्या टोपल्या, मग मिठाईची खोकी. फरशी आदल्या दिवशीच स्वतः फिनेलने धुतली होती. मे महिन्याचा उकाडा. हॉलचा मॅनेजर दारातून गुजरातीत म्हणाला, “बेन, पंखो बंध राखशो तो गरमीमां मरी जशो.”

“नहीं मरीए, भाई. एटले ज बंध राख्यो छे,” मरू नये म्हणूनच तर बंद, असं त्याच्याच भाषेत सांगत त्यांनी दार लावून घेतलं.

पलंगावर त्यांचे यजमान जनार्दनराव नवा कोट काढून, सदरा वर करून बसले होते. बाजव्याच्या रिफायनरीत ऑपरेटर म्हणून उभं आयुष्य गेलं आणि निवृत्तीच्या तोंडावर दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. आता पोटाला कायमची नळी. तिच्यातून औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढायचं, नवं भरायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर निघून जाते. ऐकायला सोपं. पण नळीवाटे जंतू शिरला तर जिवावर बेततं. म्हणून धूळ उडू नये यासाठी पंखा, दारं-खिडक्या बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने चोळून धुवायचे आणि धुतलेला हात नाकाडोळ्यांना लावायचा नाही. दुर्गाबाईंनी देवाचं सोवळं जन्मात पाळलं नव्हतं, हे मात्र कडक पाळलं. नातेवाईक हसायचे. हसोत बापडे. दोन वर्षांत पाणी एकदाही गढूळ झालं नव्हतं, आणि याचा बाईंना जो अभिमान होता तो त्या लपवतही नसत.

पाणी तपासायचं काम मुलीचं, कांचनचं. काढलेलं पाणी पिशवीत उतरलं की खाली वर्तमानपत्र ठेवून ती पाण्यातून मोठ्याने वाचायची. अक्षरं स्पष्ट दिसली तर ठीक. पुसट दिसली तर जंतू शिरला समजून तसंच उठून हॉस्पिटल गाठायचं. आज ती स्वतःच नवरी. मास्क लावून, शालू सावरत पिशवीवर वाकली.

“बाबा, पादऱ्याच्या बाजारात मिरचीचा भाव पडला.”

“पडू दे. आपलं पाणी चांगलं आहे,” जनार्दनराव म्हणाले.

उद्यापासून हे वाचन दुर्गाबाईंकडे येणार होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दीत मास्क काढू नका, सर्दी-तापाच्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. जनार्दनरावांचा हट्ट एकच होता. कन्यादान आपल्याच हातांनी करायचं, काकाच्या नव्हे. आणि दुर्गाबाईंचा हट्ट त्याच्या पुढचा. कन्यादान करून हा माणूस घरीच परतला पाहिजे.

वरात दारात आली आणि घोटाळा झाला. वरपिता जयसिंगराव रुमालात शिंकतच गाडीतून उतरले. डोळे लाल, नाक लाल. नेमकी व्याहीभेटीची वेळ. हार घालायचे आणि कडकडून मिठी मारायची. नवरदेव उत्कर्ष घोड्यावर ताटकळत होता. जनार्दनरावांनी क्षणभर पाहिलं, मास्क खाली ओढला आणि दोन्ही हात पसरून पुढे निघाले. व्याह्याला दारात अवघडून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुर्गाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

“मिठी नाही मारायची.”

“अगं, एवढ्याशा मिठीनं काय होतंय?”

“तुम्हाला माहीत आहे काय होतंय ते. मास्क वर घ्या.”

बँड थांबला. नवरदेवाचे आजोबा हंबीरराव काठी आपटत पुढे आले. जुन्या सरदार घराण्यातले. त्यांच्यासमोर सुना अजून पदर सावरत.

“बाई, आमच्या घराण्यात व्याही गळ्यात पडल्याशिवाय वर मांडवात पाऊल टाकत नाही.”

लग्न दारातच मोडतंय की काय, असं दुर्गाबाईंना वाटून गेलं. पण आवाज हलला नाही.

“आबासाहेब, यांच्या पोटाला नळी आहे, हे सोयरीक ठरवतानाच आम्ही सांगितलं. जयसिंगरावांना चार दिवसांत बरं वाटेल. यांना तीच सर्दी हॉस्पिटलात घेऊन जाईल. तुमचा मान ठेवते मी, पण माझा माणूसही ठेवणार.”

जयसिंगराव रुमालाआडून म्हणाले, “आबा, मला रात्रीपासून ताप आहे. त्यांचं बरोबर आहे.”

“मग भेट व्हायची कशी?”

“मी घेते ना,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि विहीणबाईंकडे, नयनाताईंकडे वळल्या. “तुम्हाला सर्दी नाही ना?”

“छे हो! यांना तर मी रात्रीच दुसऱ्या खोलीत हाकललं,” नयनाताई हसल्या आणि विहिणींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली. दोन्ही व्याह्यांनी लांबूनच हात जोडले. हंबीररावांनी काठी बाजूला घेत दुर्गाबाईंना वाट करून दिली.

“यशवंत व्हा,” ते म्हणाले. “चला आत, मुहूर्त टळेल.”

मास्क लावूनच जनार्दनरावांनी कन्यादान केलं. मागे कुणीतरी कुजबुजलं, “टीबी-बीबी आहे वाटतं.” त्यांनी मान वळवून सांगितलं, “नाही हो. रिफायनरीत हेल्मेट घालायचो, तसंच हे. बायकोचा हुकूम आहे.” आणि ताठ बसले.

संध्याकाळी पाठवणी झाली. कांचन गळ्यात पडून रडली. दुर्गाबाई रडल्या नाहीत. पाणी बदलायची वेळ होत आली होती.

वरची खोली आता रिकामी होती. दार लावलं, पंखा बंद केला, हात धुतले. जुनं पाणी पिशवीत उतरलं, नवं पोटात जाऊ लागलं. वर्तमानपत्र कुठेच सापडेना, म्हणून पिशवीखाली लग्नपत्रिका ठेवली होती. दुर्गाबाई वाकल्या. अक्षरं पुसट होती. आणखी वाकल्या. एकही अक्षर लागेना.

“अहो, गढूळ दिसतंय,” त्यांचा आवाज फुटला. “इतकं जपून शेवटी झालंच.”

जनार्दनराव पुढे झुकले आणि पाण्यातून सावकाश वाचू लागले. “चि. सौ. कां. कांचन. सौ. दुर्गा व श्री. जनार्दन यांची एकुलती एक कन्या.” मग बायकोकडे पाहिलं. “पाणी स्वच्छ आहे गं. तू रडते आहेस.”

आसवं मास्कमध्ये झिरपत होती. दुर्गाबाईंनी धुतलेले हात तसेच हवेत धरून ठेवले. पाणी भरून झालं, नळी सुटी केली, टोपण घट्ट बसवलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि उठून पंखा लावला.