हातांवर बसलेला वर्ग

त्या शाळेच्या फाटकावर एक फळा होता, आणि त्याच्याइतका भरवशाचा बातमीदार सगळ्या वस्तीत दुसरा नव्हता. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पहिलीतली पोरं एकेक करून उभी राहायची आणि घरची एकेक बातमी सांगायची. त्यातल्या निवडक बातम्या बाई शाळा सुटायच्या आधी फाटकावर लिहून टाकायच्या. निवडक अशासाठी, की पोरांच्या जिभेला हाड नसतं. "मामा आले तेव्हा आईनं आम्हाला दिवे बंद करून गप्प बसायला लावलं," ही बातमी ऐकायला कितीही गोड असली तरी फाटकावर लावली तर मामा पुन्हा जन्मात यायचे नाहीत. मग फळ्यावर यायचं ते असं: गोट्याच्या आजोबांची कवळी सापडली, बर्फाच्या कप्प्यात होती. बटाट्याचा दात पडला, शेजारचा हलतोय. पोरांना न्यायला आलेले आईबाप आधी फळा वाचायचे आणि मग पोरं शोधायचे.

नियम एकच होता. बातमी खरी हवी. खोटी निघाली तर पुढच्या शुक्रवारी वर्गापुढे उभं राहून "माझी बातमी खोटी होती" असं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि बाई फळ्यावरच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारणार. रागावणं नाही, शिक्षा नाही. पण ती रेघ! गोट्यानं एकदा घरी हत्ती आणल्याचं सांगितलं होतं, तर ती रेघ पाहून तो दोन घास कमी जेवला.

तर त्या शुक्रवारी सोफेवाला आपल्या लेकीला, भिंगरीला, न्यायला फाटकाशी आला, आणि पोराला न्यायला आलेले चष्मेवाले काका लांबूनच ओरडले, "अरे वा, मिस्त्री! छुपे रुस्तम निघालात की!"

सोफेवाल्यानं फळा वाचला. कवळी, दात, कुणाच्या तरी मांजरीची पिल्लं, आणि सगळ्यात खाली, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात: 'भिंगरीचे बाबा पुढच्या शुक्रवारी वर्गात येऊन गोष्ट सांगणार आहेत.'

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग आणखी एकदा.

आता या माणसाचं दुखणं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एक गोष्ट सांगायची तर सांगावी की, त्यात एवढं काय. सोफेवाला बोलताना अडायचा. साधंसुधं नाही, शब्द दारात येऊन उंबऱ्याला चिकटून बसायचा. लहानपणी वर्गात धडा वाचायला उभं केलं, तेव्हा त्याचा अडलेला शब्द सगळ्या वर्गानं एका सुरात पुरा केला होता आणि मग मनसोक्त हसून घेतलं होतं. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. धंदाही असा निवडला की तोंड उघडायचं कामच पडू नये. खुर्च्या-सोफ्यांना कापड ठोकणारी माणसं बारीक खिळे तोंडात धरतात आणि जिभेनं एकेक पुढे काढून हातोडीनं ठोकतात. झालं! तोंडात खिळे असले की कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं तरी मान हलवली की भागतं. बाकीचे मिस्त्री जेवायच्या वेळी खिळे काढून ठेवायचे. हा जेवण झाल्या झाल्या पुन्हा भरायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय?

घरात त्याच्या वतीनं बायको बोलायची. भारी मायेची बाई, आणि जिभेची तितकीच चपळ. नवरा अडला की तिचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून ती त्याचा शब्द अधेमधेच उचलून पुरा करून टाकायची. "मला च... च..." असं तो म्हणायचा अवकाश, की ती "चहा हवा ना? बसा, आलेच," म्हणून उठलेलीच. चहा यायचा. तो प्यायचा.

एक भिंगरी तेवढी वेगळी. संध्याकाळी ती दुकानात यायची, काथ्याच्या ढिगावर बसायची आणि म्हणायची, "बाबा, गोष्ट." तिच्यासाठी तो खिळे काढून ठेवायचा. त्याच्या गोष्टीत राजे नाहीत की राक्षस नाहीत, नुसत्या खुर्च्या. रुसलेली खुर्ची, चोराला बसू न देणारी खुर्ची. मधेच अडायचा, पुन्हा निघायचा. भिंगरीला त्याचं काही नव्हतं. हल्ली मात्र पोरीला एक नवीच खोड लागली होती. बाप अडला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची आणि शब्द आला की समोरच्या फळकुटावर बोटानं एकदा टक्क करायची. पोरांच्या खोडी! त्यानं लक्ष दिलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना त्यानं विचारलं, "अगं, अ... असं का सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं," भिंगरी म्हणाली. "तू गोष्टी सांगतोस. आमच्या वर्गातला बटाटा म्हणाला, तुझे बाबा बोलतच नाहीत. मी म्हटलं, शुक्रवारी येतील ते वर्गात, मग कळेल."

घ्या! पोरीनं बापाची अब्रू राखायला बापालाच फासावर चढवलं होतं.

बायकोला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला आणि लगेच पदर खोचला. "मी जाते. मी सांगते गोष्ट. त्यात काय एवढं!"

"पण बातमी बाबांची आहे," भिंगरी म्हणाली. "तू गेलीस तर ती खोटीच." आणि खालचा ओठ दातांत धरून तिनं ताटात बघितलं. "मग मला उभं राहून सांगावं लागेल."

सोफेवाल्यानं घास खाली ठेवला. अजून कुणी मारलीही नव्हती, त्या रेघेकडेच तो बघत होता.

सगळा आठवडा त्याचे हात कामात आणि जीव शुक्रवारात. ताप येतोय का म्हणून कपाळ चाचपून बघितलं, तर मेलं कपाळही थंडगार. शेवटी गुरुवारी शाळा सुटल्यावर तो बाईंना गाठायला गेला. सांगायचं एवढंच होतं, की उद्या जमणार नाही, तुम्ही पोरीला उभं करू नका.

बाई बाकांखालचे कागद गोळा करत होत्या. सडपातळ अंगाच्या, बोटांना कायम खडू लागलेला. "या, बसा," त्या म्हणाल्या.

"बाई, उ... उ... उ..."

आणि बाई काही बोलल्याच नाहीत! "उद्या का?" असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या, शांत, घाई नाही की कीव नाही. असं कुणी थांबलं की काय करायचं, हे त्याला माहीतच नव्हतं. आयुष्यभर त्याचा शब्द पुढच्या माणसानं उचलला होता, आता हा असा मधेच लोंबकळलेला शब्द घेऊन जायचं कुठे? तो घामाघूम झाला, हातानंच काहीतरी खूण केली आणि मागच्या पावली पळाला.

"उद्या वाट बघतोय आम्ही," बाई मागून म्हणाल्या.

शुक्रवारी तो गेला. अंगात धुतलेला सदरा, हातात दुरुस्तीला आलेली एक लहान खुर्ची, धरायला काहीतरी हवं म्हणून आणलेली, आणि खिशात मूठभर खिळे. बायको फाटकाबाहेर थांबली. आत आली असती तर तिला राहवलं नसतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

वर्गात खडूचा आणि पोरांच्या डब्यांचा वास. बाकांवर पोरं दाटीवाटीनं बसलेली. भिंगरी पहिल्या बाकावर, केसांना पाणी लावून चापूनचोपून बसवलेले. ती त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू जगातला सगळ्यात मोठा वक्ता आलाय.

त्याचा हात आपसूक खिशात गेला. तोंडात चार खिळे टाकावेत, खुर्ची ठोकून दाखवावी आणि निघावं. पोरं खूश होतील, कुणाचं काही बिघडणार नाही. खिळे मुठीत आलेही. मग त्याला ती रेघ आठवली. त्यानं मूठ बाहेर काढली, भिंगरीपुढे धरली आणि सगळे खिळे तिच्या ओंजळीत ओतले.

"ए... एक खुर्ची होती," तो म्हणाला. "तिच्यावर कुणी बसलं, की तिला ग... ग... ग..."

आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

कानशिलं तापली. आता होणार. आता कुणीतरी ओरडणार आणि पाठोपाठ सगळे हसणार. त्यानं डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

त्यानं डोळे उघडले, तर सगळा वर्ग आपापल्या हातांवर बसला होता. गोट्या, बटाटा, खिडकीजवळची दोन वेण्यांवाली, सगळ्यांचे हात मांडीखाली. भिंगरीनं खिळे बाकावर ठेवून आपलेही हात खाली घेतले होते. मागच्या बाकावरून एकानं कुजबुजत सुरुवात केली, "गरम होतं का? गर..."

"थांब रे!" बटाट्यानं त्याला दटावलं. "येतोय त्यांचा शब्द. त्यांना येतोय."

बाई दाराशी उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या वर्गाची रीत आहे. वाचताना कुणी अडलं, की त्याचा शब्द आपण घ्यायचा नाही. हात फार शिवशिवतात ना वर व्हायला, म्हणून त्यांच्यावर बसायचं."

पोरं नुकती वाचायला लागली होती. तिथे रोज प्रत्येकजण अडायचा. अडणं म्हणजे त्यांच्या लेखी शिंक आल्यासारखं, येते आणि जाते. हा मोठा माणूसही अडला, तर त्यात हसण्यासारखं काय होतं? सोफेवाल्यानं खुर्चीवरची पकड सैल केली. त्यानं श्वास घेतला. घाई नव्हती. खरंच कुणाला घाई नव्हती.

"ग... गुदगुल्या व्हायच्या," तो म्हणाला.

सगळ्या वर्गानं हात बाहेर काढले आणि बाकांवर एकदाच टक्क केलं. मग कुठे पोरं हसली, आणि हसली ती खुर्चीला. गुदगुल्या होणारी खुर्ची! बटाटा तर बाकाखाली घसरला.

पुढे तो किती वेळा अडला ते कुणी मोजलं नाही. खुर्चीवर वजनदार पाहुणे बसले, त्यांना तिनं हसून हसून खाली पाडलं, मिस्त्रीनं तिला नवा स्पंज घातला, तरी तिच्या गुदगुल्या काही जाईनात. घोडं एकदाचं गंगेत न्हालं तेव्हा शाळा सुटायची घंटा होऊन गेली होती आणि एकही पोर उठलं नव्हतं. फाटकाबाहेर बायकोनं आतून येणारे टक्क-टक्क आवाज ऐकले होते आणि तिला वाटलं होतं, बिचारे खिळेच ठोकतायत.

भिंगरीनं खिळे परत दिले. त्यानं ते खिशात टाकले. तिचा हात धरून चालताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, तो दुकानातून दमून आला, पायरीवर टेकला आणि म्हणाला, "मला च... च..."

"चहा ना? आलेच," बायको उठली.

"थांब," तो म्हणाला.

ती थांबली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा थांबली, असं म्हटलं तरी चालेल. भिंगरीनं झटकन आईचा पदर ओढून तिला खाली बसवलं. "हात मांडीखाली घे," तिनं कानात सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी फाटकाशी ही गर्दी. चष्मेवाले काका तर हसून हसून खांबाला टेकले होते. सोफेवाला आणि त्याची बायको पुढे झाले. फळ्यावर लिहिलं होतं: 'भिंगरीच्या बाबांना चहा मुळीच आवडत नाही. हे घरात या आठवड्यात कळलं.'

बायको लाजली, हसली आणि मग इतके दिवस विचारायचा राहिलेला प्रश्न तिनं विचारलाच. "अहो, इतकी वर्षं! सकाळ-संध्याकाळ पाजला मी तुम्हाला. मग प्यायलात कशाला?"

"त... त..."

शब्द तिच्या जिभेवर आला होता. एक नाही, दहा आले होते. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि फाटकाच्या गजांत दाबून धरले. चष्मेवाले काका काही बोलणार होते, त्यांना गोट्यानं चूप केलं. सगळं फाटक थांबलं.

"त... तू करायचीस म्हणून," तो म्हणाला.

तिनं एक हात सोडवला, आणि फळ्यावर बोटानं एकदाच टक्क केलं.