माझ्या खणातल्या गोळ्या

मित्रांनो, मी पायाने चालवायचे एक जुने शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसली गेली आणि चाकाचा पट्टा आता चौथा आहे. पण टीप अजून सरळ पडते, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

कारखान्यात लोखंड ओतून माझे अंग घडले. तिथून मी ताईकडे आले. ताई म्हणजे आमच्या गल्लीची शिंपीण. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. तिचा नवरा घरोघर टपाल वाटायचा. पुढच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा होती. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय काय म्हणून शिवले नाही आम्ही! दर शनिवारी ताई मला तेल घालायची, फडक्याने पुसायची आणि नवऱ्याला म्हणायची, "माझा उजवा हात आहे हा!"

मग एक दिवस ताई जिन्यावरून पडली. कंबर चांगलीच दुखावली. दवाखान्यातून दुखणे थांबवायच्या जालीम गोळ्या मिळाल्या, दहा दिवसांच्या. पहिली गोळी तिने माझ्यासमोरच घेतली. थोड्या वेळात कपाळावरची आठी गेली, खांदे सैल पडले. "अगं बाई, किती दिवसांनी बरं वाटलं!" ती स्वतःशीच म्हणाली. मित्रांनो, गोळीने आपले काम चोख केले होते. पण तिने कंबरेबरोबर आणखीही एक कळ शांत केली होती. त्याच वर्षी ताईची आई गेली होती, आणि ताईने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते.

दहा दिवस झाले, कंबर बरी झाली, गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. इकडून तिकडून ती मिळवतच राहिली. एकीने भागेना म्हणून दोन, मग तीन. शरीर सरावले की तेवढे औषध पुरत नाही. गोळी चुकली की ताईला दरदरून घाम फुटे, नाक वाहे, अंगावर काटा येई, पोटात पीळ पडे. गल्लीला वाटे, सर्दी झाली असेल. आता ती बरे वाटावे म्हणून गोळी घेत नव्हती. त्रास होऊ नये म्हणून घेत होती. आणि लपवायची जागा होती माझा खण, दोऱ्याच्या बॉबिनांच्या डबीखाली.

काम बिघडले. कुणाच्या बाह्या उलट्या जोडल्या गेल्या. एकदा डुलकी लागून सुई तिच्या बोटात घुसली. तेलाचे शनिवार चुकू लागले आणि मी करकरू लागले.

गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांना कर्करोग झाला होता. अंग झडल्यामुळे कपडे ढगळ होत, आणि ताई ते घरी आणून मापात करून देई. एका दुपारी ती त्यांच्याकडून आली, तेव्हा पिशवीतून कपड्यांबरोबर तसल्याच, दुखणे थांबवायच्या गोळ्यांचे एक खोके निघाले. ते माझ्या खणात गेले.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या पिशवीचा बंद उसवला म्हणून तिचा नवरा जाड सुई शोधू लागला. हाती खोके लागले. वर बाईंचे नाव होते.

"हे काय गं?"

"बाईंनीच ठेवायला दिलंय."

"बाईंनी? त्यांचा मुलगा गल्लीभर विचारत फिरतोय. त्या कालपासून कण्हतायत!"

ताई भिंतीला टेकून खाली बसली. "मला थांबता येत नाही हो. रोज ठरवते. रोज."

मला वाटले, आता आवाज चढणार. पण त्याने माझा खण लावून टाकला. मग म्हणाला, "ऊठ. आधी हे परत देऊ. बोलायचं तू. मी शेजारी उभा राहतो."

पुढचे मी ताईच्याच तोंडून ऐकले. बाईंनी विचारले, "माझं दुखणं तुला ठाऊक होतं. तरी नेल्यास?"

"हो, बाई."

बाईंनी खोके उशाशी ठेवले. मग म्हणाल्या, "मला राग आलाय, आणि तो इतक्यात जायचा नाही. पण व्यसनमुक्ती केंद्रातली डॉक्टर माझी विद्यार्थिनी आहे. चिठ्ठी देते. उद्याच जा."

ताई केंद्रात राहायला गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या एकदम बंद न करता, आपल्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या. तोवर मी चादरीखाली गंजत होते. मग केंद्रातून निरोप आला, ताईच्या हातांना काम हवे आहे. तिच्या नवऱ्याने मला टेम्पोत घातले आणि केंद्राच्या मोठ्या खोलीत नेऊन ठेवले.

तिथे दुपारी सगळे गोल करून बोलत. दारू सोडायला आलेला एक ट्रकवाला म्हणाला, "आम्ही मनाचेच कच्चे, दुसरं काय!"

"पूर्वी सगळे असंच म्हणायचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ज्यानं बरं वाटतं ते मेंदू पक्कं लक्षात ठेवतो आणि तेच मागत राहतो. काहींना ही ओढ जन्मतःच जास्त असते. काहींना ती संगतीनं लागते. काहींचं आतलं दुखणं कुणी विचारलेलंच नसतं."

"मग यातलं खरं कोणतं?" ताईने विचारले.

"ज्याचं त्याचं वेगळं. बहुतेकांचं थोडं थोडं सगळंच. तुझं काय?"

ताईने माझ्या चाकावर हात ठेवला. "आई गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गणवेश शिवायला बसले. शाळा उघडणार होत्या ना." आणि ती रडली, पोटभर. ट्रकवाल्याने आपला रुमाल पुढे केला. तो फारसा स्वच्छ नव्हता, पण तिने घेतला.

घरी परतल्यावर ताईने एकदा पुन्हा गोळी घेतली. त्याच दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला. "फोन केलास ते बरं केलंस. ये," एवढेच त्या म्हणाल्या.

काही महिन्यांनी बाईंनी मापासाठी बोलावणे धाडले. ताई परतली ती डोळे पुसतच. नवऱ्याला म्हणाली, "खोलीत आम्ही दोघीच होतो. उशाशी गोळ्या. बाई म्हणाल्या, 'तेवढी माझी गोळी काढून दे गं.' मी एक काढली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि खोकं बंद केलं." त्या दुपारी तिने बाईंचा झगा अस्तर लावून शिवला. मला वाटते, इतकी मऊ टीप आम्ही आजवर घातली नव्हती.

बाई आता नाहीत. ताई आठवड्यातून दोनदा केंद्रात शिवण शिकवते आणि मी तिथेच असते. त्या टपालवाल्याचे, बाईंचे, डॉक्टरांचे उपकार माझ्यासारख्या लोखंडाने कसे फेडावेत? म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. दुसऱ्याच्या नावाची गोळी कधी घेऊ नका. आणि घरातले माणूस लपवाछपवी करू लागले, सारखे आजारी दिसू लागले, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. ती चुगली नव्हे. माझ्या खणात काय आहे ते मला महिनोन्‌महिने ठाऊक होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.