एथलीन मावशीची हाक

"ए बाबा, ती काठी आधी गाडीत टाक," एथलीन मावशी पालथ्या बादलीवर बसल्या बसल्या ओरडली. "माझ्या मेंढरांना विजेचा चटका द्यायचा नाही."

कत्तलखान्यासाठी मेंढरं घेणारा व्यापारी रस्टी गोरा असला तरी माणूस वाईट नव्हता. त्यानं काठी ठेवली आणि माझ्याकडं बघून खांदे उडवले. दोन तास आम्ही दोघं कुंपणात घाम गाळत होतो आणि एकतीसपैकी चार मेंढरं ट्रेलरमध्ये चढली होती. त्यातलंही एक उडी मारून परत पळालं.

मावशीच्या मूत्रपिंडांनी जानेवारीत राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा चिनलीच्या इस्पितळात जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, म्हणजे तीन दिवस कळप वाऱ्यावर. त्यात विहीर आटलेली. आज ट्रेलर रिकामा गेला तर रस्टी पुन्हा येणार नव्हता आणि मेंढरं तहानेनं एकेक करून मेली असती. हे मावशीलाही कळत होतं. तिनंच तर त्याला बोलावलं होतं.

तिनं एक हाक मारली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

"मार की गं मावशी. तुझ्याच तर आवाजाला येतात ती."

"म्हणूनच नाही मारत."

तिचा नियम मला पाठ होता. अमेरिकेतल्या आम्हा नावाहो आदिवासींचा पिंडच मटणावर पोसलेला. मावशीनं शेकडो मेंढरं स्वतःच्या हातानं कापली होती. पण कापायचं मेंढरू तिनं कधी हाक मारून आणलं नाही. उठून जायची, धरायची, त्याच्या कानाशी काहीतरी बोलायची. हाक फक्त पाण्याला, चाऱ्याला आणि घरी यायला.

ऊन चढलं तसं माझं डोकंही चढलं, आणि तापलो की माझी जीभ कुणाचं ऐकत नाही.

"तुझ्या मेंढपाळानं रेमंडला नेलं, तेव्हा काय सांगून हाक मारली होती?"

रेमंड तिचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी बर्फात गाडी उलटून गेला. त्याला पुरायच्या दिवशी ती चर्चमध्ये उभी राहून म्हणाली होती, देव माझा मेंढपाळ आहे, कनवाळू आहे, तो मला टाकणार नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

मावशी चिडली नाही. "काहीच सांगितलं नाही त्यानं," ती म्हणाली. "पण पोरा, मरणाच्या ज्या दारातून त्यानं रेमंडला नेलं, त्या दारातून तो स्वतः आधी गेला होता. म्हणून मी त्याच्याशी भांडले, पण त्याला सोडलं नाही. चल, हात दे."

फळीवरून चढताना तिचे गुडघे वाजत होते. ट्रेलरच्या पार टोकाला, अंधारात, पत्र्याला पाठ लावून ती उभी राहिली आणि मग तिनं हाक मारली.

मेंढरं आली. एकमेकांना ढकलत, उशीर झाल्यासारखी आली आणि तिच्याभोवती गोळा झाली. हाताला येईल त्या प्रत्येक डोक्यावरून तिनं हात फिरवला.

रस्टी कडी धरून उभा होता. त्यानं घाई केली नाही. शेवटी म्हणाला, "आजीबाई, उतरा आता. तुम्हाला कुठं नेऊ मी?"

मी तिला उचलून खाली घेतलं. दुखणाईत माणसाला वजन ते कसलं! कडी पडली तसा आत एकच गलका उठला. तिच्यामागं उतरायला मेंढरं दारावर धडका देत होती.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझा मेंढपाळ क्रूसावर होता तेव्हा लोक त्याला म्हणाले, उतर खाली," ती म्हणाली. "तो नाही उतरला, डेलबर्ट. मी उतरले."



ट्रेलर हलला. मेंढरं ओरडत होती आणि गाडी टेकडीआड जाईपर्यंत मावशी, दमलेल्या आवाजात, त्यांना ओ देत राहिली.