मधल्या गाडीतला झोत

बस पुरत नव्हती, मेट्रो झेपत नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं भांडून ब्रेस्तोवो गावानं शेवटी मधली गाडी घेतली. खांबांवरून धावणारी, आटोपशीर, चालकाशिवायची. आज तिची पहिली फेरी. नियंत्रण कक्षात विदोसावा पडद्याला डोळे लावून बसली होती. गाडीत महापौर, बँडवाले, निम्मं गाव आणि पुढच्याच बाकावर तिची आई, स्तामेन्का.

गाडी डॅन्यूबच्या पुलाकडे वळली आणि छतातल्या जाळ्यांतून गार हवा सुटली.

"अगं बाई, झोत येतोय!" स्तामेन्का ओरडली.

मानेवर झोत बसला की माणूस कायमचा वाकडा होतो, हे ब्रेस्तोवोत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. बघता बघता रुमाल, टोप्या, महापौरांचा मफलर, सगळं जाळ्यांत कोंबलं गेलं. उरलेल्या भोकात ट्रंपेटवाल्यानं पायातला मोजा घातला. टाळ्या पडल्या.

गाडीच्या यंत्राला एवढंच कळलं, की हवा फिरत नाही, म्हणजे आग. आग लागली तर दारं घट्ट बंद आणि गोगलगाईच्या चालीनं थेट डेपो. तो नदीपलीकडे, गावाबाहेर.

"साहेब, माणसं गुदमरतील आत!"

"यंत्रानं ठरवलंय ना?" तिचा साहेब तिहोमिर शेजारी कॉफी ढवळत म्हणाला. "मग आपल्या अंगावर येत नाही."

विदोसावानं माईक ओढला. "आई, ते बोळे काढायला लाव सगळ्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"काढते हं," भोंग्यातून आईचा आवाज आला. "आणि मान धरली तर शेकायला तू येणारेस? सणासुदीला फोन करत नाहीस!"

डबाभर हशा पिकला.

काचांवर वाफ धरली. ट्रंपेट अर्ध्यात बसलं. मग ढोल थांबला. मग महापौरांचं भाषण आपणहून थांबलं. हे तर आक्रीतच.

"आई?"

"हं... काय छान ऊब आलीये गं. डोळा लागतोय बघ."

या वेळी कुणी हसलं नाही.

वीज तोडली की छताच्या खिडक्या आपोआप उघडतात. विदोसावानं लाल खटक्यावर हात ठेवला.

"वेडी झालीस? बाहेर बोचरा कोशावा सुटलाय!" तिहोमिर ओरडला. "त्या वाऱ्यात म्हाताऱ्यांच्या माना..."

तिनं खटका ओढला.

पडदा काळा पडला. बॅटरीवरच्या भोंग्यातून नुसता वारा घोंघावत राहिला. कितीतरी वेळ.

मग एक शिंक आली. मागोमाग दुसरी. मग अख्खा डबा शिंकायला लागला. विदोसावाला रडूच फुटलं.

"विदे," आईचा आवाज आला, ठणठणीत. "हे उघडलं कुणी?"

विदोसावानं हळूच माईक बंद केला.