कॅनडाहून आणलेला आवाज

माझ्या भावाला हुशार म्हणायची आमच्या आर्णीत पद्धत आहे. संघदीप दहावीला तालुक्यात पहिला आला, इंजिनियर झाला, पुण्याला गेला, पुण्याहून कॅनडाला गेला. दर वेळी गल्लीतलं कोणी ना कोणी मला अडवून म्हणायचं, "ममता, भाऊ पाह्य तुहा, कसा निघाला." मी मान डोलवायची. आता नाही डोलवत.

या डिसेंबरात तो एकटाच आला आणि येताना मायसाठी आवाज घेऊन आला. आवाज म्हणजे टॅबलेट. पांढरा डबा, त्यावर प्लास्टिकचं आवरण, आत ताटाएवढी चकचकीत पाटी. तिथल्या मोठ्या दुकानातून घेतला म्हणे. "इथं का नाही घेतला?" असं मी विचारलं तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला उकिरड्यावर जेवायला बसवत होते. म्हणाला, "ताई, इथल्या वस्तूचा भरवसा नसतो." डब्याच्या मागं बारीक अक्षरात व्हिएतनामचं नाव होतं. मी वाचलं आणि गप्प बसले, कारण माय खूश दिसत होती.

मायचा, म्हणजे इंदूबाईचा, आवाज गेल्या वर्षी गेला. जन्मभर तंबाखूचा बार भरला, त्यातून घशाचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. आता गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथूनच चालतो, आणि ते ती पदरानं झाकून ठेवते. लिहिता-वाचता तिला येत नाही.

पण म्हणून तिचं काही अडलं नव्हतं. मूठ ओठाशी नेली की चहा. चुटकी वाजवली की इकडे ये. भाजीवाला किडकी वांगी टोपलीतून काढायला लागला की ती नाक असं मुरडायची की बिचारा स्वतःच ती परत ठेवायचा. शेजारची मानीबाई रोज दुपारी येऊन बसायची, मानीबाई बोलायची आणि माय तोंडं करायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या. मायच्या हसण्याला आवाज नव्हता एवढंच. मी तीन गल्ल्या पलीकडे राहते. सकाळ-संध्याकाळ येते, आणि मला तिचं एकही म्हणणं कधी दोनदा विचारावं लागलं नाही.

संघदीपला यातलं काहीच माहीत नव्हतं. कसं असणार? व्हिडिओ कॉल लावला की माय मोबाइल असा धरायची की त्याला तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. कपाळ आणि पंखा बघून साहेबांनी ठरवलं की आपली आई मुकी झाली, एकटी पडली, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे.

टॅबलेटमध्ये एक अ‍ॅप होतं. पडद्यावर चित्रांचे चौकोन, एकेका चौकोनाला बोट लावलं की तो बोलायचा. पेल्याचं चित्र दाबलं की "मला पाणी हवं आहे." पलंगाचं दाबलं की "मी थोडी विश्रांती घेते." आणि हा आवाज कोणाचा? माझ्या भावजयीचा. मैत्रेयी मूळची पुण्याची, तिकडे टोरंटोत बसून तिनं ही सगळी वाक्यं हौसेनं रेकॉर्ड केली होती. शब्द कापून, धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखे. माझी माय जन्मात कधी "विश्रांती घेते" म्हणाली नाही. ती म्हणायची, "पडू द्या मले जरासं, कायले जीव खाऊन राह्यले?"

पहिल्या दिवशी मायनं पेला दाबला, मैत्रेयी बोलली, आणि मानीबाई दारात चप्पल काढता काढता थबकली.

"कोन आलं वं पाहुनी?"

"कोणी नाही, आईच बोलतेय," संघदीप अभिमानानं म्हणाला.

"हे इंदू बोलली?" मानीबाईनं मायकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पुन्हा मायकडे. "बाप्पा! मंग आता मी खुर्चीवरच बसतो." आणि ती खरंच खुर्चीवर बसली, पाय जुळवून, परक्या घरी बसावं तशी. थोड्या वेळानं उठून गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

त्या पाटीची मिजास निराळीच. चार्जरची तिकडची चपटी पिन आपल्या सॉकेटात ढिली बसायची, हात लागला की निसटायची. मी मेन रोडवर जफरच्या मोबाइल दुकानात जाऊन जोडपिन आणली. सिम घालायला गेले तर त्यात सिमची जागाच नाही. आमच्या घरी वायफाय नाही, म्हणून इथलं सिम घातलेला संघदीपचा मोबाइल सतत मायच्या उशाशी, त्याच्या नेटवर ते चालायचं.

"आणि तू गेल्यावर?" मी विचारलं.

"तेव्हाचं बघू," तो म्हणाला. हुशार माणसं असंच बोलतात.

मायला चहाचा चौकोन हवा होता. पाणी, दूध, ज्यूस, सगळ्यांची चित्रं होती, ज्यूस माझ्या मायनं कधी प्याला ते बुद्धालाच ठाऊक, पण चहा नव्हता. ती पडद्यावर बोट फिरवायची आणि माझ्याकडे बघून मूठ ओठाशी न्यायची. मी संघदीपला म्हटलं, चहा टाक. त्यानं सेटिंग उघडलं. अ‍ॅपनं पासवर्ड मागितला, तो त्याला येत होता. मग अ‍ॅपनं ओटीपी पाठवला, तो त्याच्या कॅनडाच्या नंबरावर. आणि तो नंबर साहेब तिकडून निघताना बंद करून आले होते.

मी पाटी उचलून पुन्हा जफरकडे गेले. त्यानं खटपट केली, तेच अ‍ॅप नव्यानं टाकून बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"ताई, हे पाहा, लिहून येते का हे अ‍ॅप तुमच्या देशात भेटतच नाही. जो है सो है. जे भरून आनलं, तेवढंच बोलन हे."

घरी येऊन सांगितलं तर संघदीप म्हणाला, "टोरंटोला गेलो की करतो अपडेट. तोवर तिनं दूध म्हणावं, तुम्ही चहा समजा." हे वाक्य तो गंभीरपणे बोलला. दहावीला तालुक्यात पहिला आलेला माणूस.

वाईट हे की त्यानं सगळ्यांना मायच्या तोंडाकडे बघायचं बंद करायला लावलं. माय चुटकी वाजवायची, तो म्हणायचा, "आई, यावर." माय हात हलवायची, तो तिचा हात धरून पडद्यावर न्यायचा. "सवय झाली पाहिजे ना ताई, तू लाड करतेस म्हणून ती शिकत नाही." तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माय गप्प झाली. आवाज जाऊन वर्ष झालं होतं, पण गप्प ती आता झाली. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी स्वयंपाकघरातली भांडी घासलेली असताना परत घासली.

मग त्यानं खरी गोष्ट बाहेर काढली. नागपूरला म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे, त्यात त्यानं जागा ठरवून ठेवली होती. चोवीस तास नर्स, बाग, भिंतीला धरायला दांड्या. सगळ्याचे फोटो त्याच पाटीवर भरून आणले होते, म्हणजे हा मनसुबा तिकडेच पक्का झाला होता. घर बंद ठेवायचं. मायनं जायचं.

"तुझ्यावर भार नको, ताई."

"मी म्हटलं का भार हाय म्हणून?"

"तू म्हणणार नाहीस, म्हणून तर मी ठरवलं."

मायला कोणी विचारलं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, विचारणार ना, रीतसर, सगळ्यांसमोर विचारणार. त्यासाठीच तर तिला आवाज दिला.

रविवारी उकंडामामा आला. मायचा थोरला भाऊ, पांढरकवड्याकडचा, आमच्या घरात त्याचा शब्द चालतो. एरवी मामा आला की माय त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची आणि बस कुठे खोळंबली ते खाणाखुणांनी विचारायची. या वेळी संघदीपनं तिला आधीच खुर्चीत नीट बसवून मांडीवर पाटी ठेवली होती. मामा आत येताच मैत्रेयीचा आवाज म्हणाला, "नमस्कार, या, बसा." मामानं दचकून जयभीम केला, तो मायला की पाटीला ते त्यालाही कळलं नसावं. मग तो एकटक त्या पाटीकडेच बघत बसला. चहा हातात निवून गेला.

संघदीपनं बाग दाखवली, दांड्या दाखवल्या, नर्सचा फोटो दाखवला. मामा प्रत्येक फोटोला "लय चांगलं हाय बाप्पा" म्हणत होता. मला मामाचाही राग आला. इतकी वर्षं बहिणीचा स्वभाव जाणणारा माणूस चार फोटोंवर भाळून बसला होता.

"तर आई," संघदीप तिच्यासमोर स्टूल ओढून बसला, "तू नागपूरला जाशील ना? तुझ्या तोंडून सांग मामाला."

मायनं मान हलवली. नाही. स्वच्छ, ठसठशीत नाही.

"मान नको हलवू आई. यावर सांग."

तिनं पुन्हा मान हलवली, हातही हलवला. संघदीपनं तो हात हळूच पकडून पडद्यावर ठेवला. मामाही म्हणाला, "अवं दाब न इंदू. पोरानं इतक्या लांबून आनलं तुह्यासाठी."

मी बोलणार होते, पण मायच्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. ते पडद्यावर चाललं होतं. पेल्यावरून पलंगावर, पलंगावरून ताटावर. प्रत्येक चित्रापाशी थांबायचं आणि पुढे सरकायचं. अंगठा वर केलेलं चित्र होतं, ते "हो" म्हणायचं. त्याच्या शेजारचं हसरं तोंड "चालेल" म्हणायचं. जोडलेले हात "धन्यवाद" म्हणायचे. ती शोधत होती. संपूर्ण पडदा तिनं एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर शोधला. मग तिनं एका चित्रावर बोट दाबलं.

"मला दुखत आहे," मैत्रेयी गोड आवाजात म्हणाली.

"कुठे दुखतं, आई?" संघदीप पुढं वाकला.

मायनं हात उचलला आणि बोट त्याच्या छातीवर टेकवलं. नुसतं टेकवलं नाही, रोवलं.

मामानं कप खाली ठेवला. त्याला कळलं होतं. मला कळलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्यानं खिडकीतून बघितलं असतं तर त्यालाही कळलं असतं.

"छातीत?" संघदीप माझ्याकडे वळला. "ताई, हिचा इसीजी शेवटचा कधी काढला?"

देवाशप्पथ म्हणायची आमच्यात रीत नाही, पण हे तो खरंच बोलला.

"तिच्या छातीत नाई रे गाढवा!" मी ओरडले. "तुह्या छातीवर बोट हाय तिचं. तू दुखून राह्यला तिले. नाई जायचं तिले नागपूरले, कव्हाची मान हलवून राह्यली ते!"

त्याचा चेहरा लाल झाला. लहानपणी कॅरममध्ये हरला की व्हायचा तसा. "मग नाही म्हणायचं ना सरळ! एवढं सगळं करून दिलंय तिला. नाही जायचं तर 'नाही' दाबायचं, मी काय जबरदस्ती करतोय?"

मी मायच्या मांडीवरून पाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"दाब," म्हटलं. "दाखव कुठं हाय."

त्यानं बघितलं. पेला, पलंग, ताट, अंगठा, हसरं तोंड, जोडलेले हात. स्वतः बसवलेल्या चित्रांवरून त्याचं बोट फिरत होतं, मायचं फिरलं तसंच. दुसरं पान उघडलं, पहिल्यावर परत आला.

"राहून गेलं वं ताई," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून आपली बोली आली.

राहून कसं गेलं ते मला चांगलं माहीत आहे. मला माय पुष्कळदा नाही म्हणाली. सहलीला नाही, कॉलेजला नाही, यवतमाळच्या नोकरीला नाही. त्याला ती कधीच म्हणाली नव्हती. पुण्याला जातो म्हटलं, जा. पुण्याचीच मुलगी केली म्हटलं, बरं. कॅनडाला जातो म्हटलं तेव्हा आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन जा म्हणाली. आई काय काय बोलते ते त्यानं तिकडे बसून आठवून आठवून भरलं, आणि जे तिच्याकडून कधी ऐकलंच नाही, ते त्याला आठवणार कुठून?

"टाकतो ना," तो घाईघाईनं म्हणाला, "आत्ता टाकतो, एक मिनिट," आणि सेटिंग उघडलं. पासवर्ड घातला. मग त्याला ओटीपी आठवला आणि तो तसाच बसून राहिला, पडद्यावर नजर लावून.

मायनं वाट बघितली नाही. ती खुर्चीतून पुढे सरकली, त्याची हनुवटी चिमटीत धरली, शाळेत पाठवताना भांग पाडायला धरायची तशी, आणि त्याचं तोंड त्या पाटीवरून उचलून आपल्या तोंडासमोर आणलं. त्याला दुसरीकडे कुठे बघायला जागाच ठेवली नाही. मग तिनं सावकाश मान हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"पण आई..." त्याचा आवाज चिरकला.

तिनं हनुवटी सोडली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिनं पुन्हा मान हलवली.